खाली जाणं ऐच्छिक, वर येणं सक्तीचं

परवा दुपारी एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. बँकेत आम्ही वीस वर्षं शेजारच्या काउंटरवर बसलो, त्यामुळे प्रस्तावना वगैरे काही नाही. ‘‘अगं, लेकीचं बाळंतपण करायला अमेरिकेला चाललेय. फिनिक्सला. तू तिकडेच गेली होतीस ना? ग्रँड कॅन्यन बघायचं म्हणतोय जावई. दरीत उतरतात म्हणे तिथे. झेपेल का गं मला?’’ आणि उत्तराची वाट न बघता, ‘‘आणि डिंकाचे लाडू सामानात नेऊ देतात का?’’

लाडवाचं उत्तर लगेच दिलं. कॅन्यनचं मात्र ‘रात्री सांगते’ म्हणून टाळलं. कारण झेपण्याचा प्रश्न निघाला की मला गुडघे आठवत नाहीत, दुसरंच काहीतरी आठवतं. ते आजवर कुठे लिहिलं नव्हतं. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘लिही. पण माझं नाव नको.’’ म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.

२०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट. कोविडनंतर अमेरिकेने लस घेतलेल्यांना दारं उघडली आणि डिसेंबरात मी आणि हे, आम्ही दोघंही लेकीकडे जाऊन पोचलो. जानेवारीत नात झाली. पुढचे चार महिने मी काय केलं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेल, शेक, अळिवाची खीर, बाळंतशोपा, लसणाची चटणी, मेतकूट-भात. शेगडी नव्हती, तर तव्यावर कापड गरम करून शेकलं. धुरी दिली तेव्हा स्मोक अलार्म वाजला आणि शेजारचे आजोबा धावत आले, तीही एक गंमत. मी खूश होते. आईने माझं केलं, मी लेकीचं केलं. कुठे काही कमी पडू दिलं नाही, अशी माझी माझ्याबद्दल पक्की समजूत होती.

लेकीची पगारी रजा सहा आठवड्यांत संपली. उरलेले सहा आठवडे बिनपगारी. एप्रिलमध्ये ती घरूनच कामाला लागली. लॅपटॉप, ब्रेस्ट पंप आणि बाळ, या तिन्हींच्या मध्ये ती दिवसभर फिरत असायची. आमचा परतीचा दिवस जवळ आला तेव्हा जावई म्हणाला, ‘‘आई-बाबा, तुम्ही काहीच बघितलं नाहीत. चार दिवस निघूया.’’ कारसीट, डायपर, बाटल्या, शिवाय माझा चिवडा, ठेपले आणि लिंबाचं लोणचं. गाडीत माणसांना जागा कमी, पिशव्यांना जास्त!

फिनिक्सहून उत्तरेला निघालं की पहिला तास दोन्ही बाजूंना सग्वारो नावाचे निवडुंग. हात वर करून उभ्या असलेल्या माणसांसारखे, दोन-दोन मजले उंच. रस्ता चढत जातो तसे ते विरळ होतात आणि एका ठिकाणी संपतातच. मग झुडपं, मग फ्लॅगस्टाफजवळ चक्क पाइनचं गर्द जंगल. तिथली उंची सुमारे २१०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही कितीतरी जास्त, आणि तिथे मोठं शहर वसलेलं! सव्वादोनशे किलोमीटरमध्ये वाळवंटातून थंड हवेच्या ठिकाणी. आणि फ्लॅगस्टाफ ओलांडून उतरायला लागलं की पुन्हा वाळवंट, पण आता ते लाल. गेरूचा हात फिरवल्यासारखे डोंगर, मध्ये राखाडी, मध्ये फिकट जांभळे पट्टे. तासभर गाडी चालावी आणि एकही घर दिसू नये. हे नाशिक-मुंबई रस्त्यावर आयुष्य काढलेले. पाच-पाच मिनिटांनी म्हणायचे, ‘‘एक चहाची टपरी नाही हो इथे!’’

हा सगळा नवाजो लोकांचा मुलूख. त्यांचं स्वतःचं सरकार, स्वतःचे पोलीस आणि घड्याळसुद्धा स्वतःचं. उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना राज्य घड्याळं पुढे करत नाही, नवाजो करतात, आणि त्यांच्या मुलखाच्या पोटात असलेले होपी पुन्हा करत नाहीत. आमचे मोबाइल दिवसभर तासाने मागे-पुढे उड्या मारत होते आणि बाळाच्या दुधाची वेळ नेमकी कुठली, यावर गाडीत परिसंवाद.

मास्क मात्र इथे सक्तीचा होता. उरलेल्या अमेरिकेने तोवर तो केव्हाच फेकून दिला होता. कारण असं, की २०२० च्या मे महिन्यात लोकसंख्येच्या मानाने देशातली सगळ्यात जास्त कोविडची लागण याच मुलखात झाली. सारखे हात धुवा, असं जगभर सांगत होते, आणि इथल्या साधारण तीस टक्के घरांत नळ नाही. ट्रकमागे पिंप ठेवून मैल अन् मैल जायचं आणि पाणी भरून आणायचं. अमेरिकेत! मराठवाड्यातल्या हंड्याच्या रांगा आपण फोटोत बघतो, तेव्हा हे आपलंच दुखणं आहे असं वाटतं. १८६८ साली अमेरिकेने नवाजोंशी तह केला होता. त्या तहाखाली त्यांच्यासाठी पाण्याची तजवीज करून देणं सरकारवर बंधनकारक नाही, असा निकाल २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तो वाचला तेव्हा मला ते रस्त्यावरचे पिंपवाले ट्रक आठवले.

आणि याच लोकांत कूळ आईचं चालतं, बरं का. नवाजो माणूस ओळख सांगताना आधी आईचं कूळ सांगतो, मग बापाचं. मेंढरं आणि घर पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या ताब्यात. लोकरीचं विणकाम बायकांचं, आणि ती विद्या त्यांना ‘कोळीण’ देवीने दिली अशी कथा आहे. कोळीण म्हणजे जाळं विणणारी, मासे विकणारी नव्हे! कॅमेरॉनच्या ट्रेडिंग पोस्टवर तशा सतरंज्या बघताना मी लेकीला म्हटलं, ‘‘बघ, इथे तुझ्या मुलीला माझ्या कुळाचं म्हटलं असतं.’’ एरवी अशा वाक्यावर ती पाच मिनिटं वाद घालती. तेव्हा नुसती ‘हं’ म्हणाली. मी सतरंजीची किंमत बघण्यात गुंतले होते.

दुसऱ्या दिवशी पेज गावाजवळ अँटिलोप कॅन्यन. नवाजो वाटाड्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. वरून बघाल तर जमिनीला गेलेली एक भेग. आत शिरलं की दोन्ही बाजूंनी केशरी दगडाच्या लाटा आणि वरून चिरीतून येणारं ऊन. आपल्याकडे साम्रदची सांधण बघितलीत ना? तिचीच जातकुळी. फक्त सांधण काळ्याकभिन्न कातळाची आणि ही वाळूच्या दगडाची, मऊसूत. पाण्याने दगड कसा कोरून निघतो हे निघोजचे रांजणखळगे बघितलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. वाटाड्याने सांगितलं की पाऊस इथे पडावा लागतच नाही. तो लांब कुठेतरी पडतो आणि लोंढा इथे येतो. १९९७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या अँटिलोपमध्ये असेच अकरा पर्यटक गेले.

लेक आत आलीच नाही. ‘‘तुम्ही जा, मी बाळाजवळ थांबते.’’ लहानपणी प्रत्येक गडावरून दप्तरभर दगड गोळा करून आणणारी माझी मुलगी! मी म्हटलं, बरं. दमली असेल.

त्याच गावाला ग्लेन कॅन्यनचं धरण आहे. कोलोरॅडो नदी तिथे अडवलीय. १९६३ पासून भरू लागलेला तो प्रचंड जलाशय त्या वर्षी जेमतेम पाव भरलेला होता. इतकं कमी पाणी पहिल्यांदाच. सगळीकडच्या कड्यांवर पांढरा पट्टा, पातेल्यात दूध आटून कड राहते तसा. या एका नदीवर चार कोटी लोकांचं पाणी अवलंबून आणि समुद्रापर्यंत ती सहसा पोचतसुद्धा नाही. हे म्हणाले, ‘‘गोदावरीचं बरं म्हणायचं.’’

तिसऱ्या दिवशी ग्रँड कॅन्यन. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण खूप जणींचा गोंधळ होतो. लास वेगासहून टूरवाले एका दिवसात नेऊन आणतात, ते काचेच्या पुलावरून चालायचं ठिकाण हे राष्ट्रीय उद्यान नव्हे. तो हुआलापाय लोकांच्या जमिनीवरचा पश्चिमेचा भाग. पूल २००७ मध्ये झाला. तिथे जाऊ नका असं नाही, पण तेवढं बघून ‘ग्रँड कॅन्यन झालं’ म्हणू नका. आम्ही पूर्वेकडून, डेझर्ट व्ह्यूवरून शिरलो.

काय सांगू? दरी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोकणकडा येतो. समोर आकाश, खाली हिरवं कोकण. इथे खाली दुसरा देशच. लाल पठारं, त्यात आणखी दऱ्या, त्या दऱ्यांत आणखी. तळाशी सुतळीएवढी नदी. लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९, खोली दीड किलोमीटरहून जास्त. वरचा थर सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ, त्यात शंखशिंपले सापडतात. तळाचा काळा दगड पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपासचा. आपला सह्याद्री त्यापुढे लहान बाळ, साडेसहा कोटी वर्षांचा! आणि त्या तळाच्या दगडाचं नाव काय असावं? विष्णू! एकोणिसाव्या शतकात क्लॅरन्स डटन नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ इथल्या सुळक्यांना देवळांची नावं देत सुटला होता. विष्णू, शिव, ब्रह्मा असे सगळे तिथे उभे आहेत. ह्यांनी कठड्याशी उभं राहून हात जोडले. मला हसू आलं, पण जोडले मीसुद्धा.

डेझर्ट व्ह्यूचा दगडी मनोरा बघताना वाटतं, हजार वर्षांचा असेल. तो बांधला १९३२ मध्ये, आणि त्याची वास्तुरचना एका बाईची. मेरी कोल्टर. कॅन्यनच्या काठावरच्या आणि तळाच्याही कितीतरी इमारती तिच्या, पहिली १९०५ सालची. आपल्याकडे बायकांनी शिकावं की नाही यावर सभा होत होत्या, त्या काळात ही गवंड्यांना कामं सांगत होती. नदीची गोष्ट त्याहून मोठी. १९२८ मध्ये बेसी हाइड नावाची तरुणी नवऱ्याबरोबर मधुचंद्राला होडीतून निघाली. दोघं सापडलीच नाहीत, होडी तेवढी शाबूत सापडली. त्यानंतर दहा वर्षांनी एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या वनस्पतिशास्त्राच्या दोघीजणी त्याच नदीतून गेल्या. एक चाळिशी ओलांडलेली, दुसरी चोवीस वर्षांची. नदीकाठची झाडंझुडपं गोळा करत, नोंदी करत. ही जागा बायकांची नव्हे, असं तेव्हा लोक उघड म्हणत होते. त्या पार झाल्या, ग्रँड कॅन्यन अख्खं पार करून जिवंत आलेल्या पहिल्या स्त्रिया. आणि वाटेत सगळ्या चमूचा स्वयंपाक कुणी केला असेल? बरोबर ओळखलंत.

रात्री जावई म्हणाला, ‘‘उद्या सकाळी तुम्ही दोघी ब्राइट एंजल ट्रेलवर जाऊन या. मी आणि बाबा बाळाला सांभाळतो.’’ हे ऐकून मलाच कसंतरी झालं. बाळ पुरुषांवर टाकून आम्ही डोंगर भटकायचं? लग्नाआधी मी हरिश्चंद्रगड, रतनगड केलेले. लग्नानंतर पस्तीस वर्षांत चढण म्हणजे सप्तशृंगीच्या पायऱ्या. पण लेक चटकन ‘चालेल’ म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदाच कशालातरी चटकन हो म्हणाली होती.

वाटेच्या तोंडाशी आणि जागोजागी फलक आहेत. सारांश असा, की खाली जाणं ऐच्छिक आहे, वर येणं सक्तीचं. गडावर आपण ताज्या दमाने चढतो आणि थकलो की उतरतो. दमलात, तर अर्ध्यावरून परत फिरा, उतारच आहे. इथे सगळं उलट. सकाळची थंड हवा, उतार, पाय आपोआप पडतात, आपण किती खाली आलो ते कळतसुद्धा नाही. आणि खरी चढण सुरू होते ती ऊन तापल्यावर, पाणी संपत आल्यावर. तळाशी काठापेक्षा दहा-अकरा अंश जास्त उष्णता असते. दरवर्षी अडीचशेहून जास्त लोकांना इथून सोडवून आणावं लागतं, आणि त्यात धडधाकट तरुणही असतात. म्हणून हिशेब असा ठेवायचा, की एक भाग वेळ उतरायला लागला तर दोन भाग चढायला राखून ठेवायचा. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचं नाही. नुसतं पाणीही ढोसायचं नाही, बरोबर खारट काहीतरी खायचं, नाहीतर रक्तातलं मीठ उतरतं. माझा चिवडा म्हणजे जणू सरकारी नियमानुसारच!

साडेसहाला निघालो. वाट रुंद आहे, खेचरं चालतात. ती आली की आपण डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं, मान त्यांचा. त्यांच्या मुताचा दर्प अख्ख्या वाटेवर, हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. एक बोगदा, मग वळणावळणाची उतरण, मग दुसरा बोगदा. पांढुरक्या दगडात तिरप्या रेषा दिसतात, त्या म्हणजे दगड झालेल्या वाळूच्या टेकड्या. लेक पुढे, मी मागे. ती झपाझप चाललेली. ‘‘हळू गं,’’ मी दोनदा म्हटलं. तिने मागे वळून बघितलं नाही.

दीड मैलावर, म्हणजे साधारण अडीच किलोमीटरवर, दगडी निवारा आहे. तोवर आपण सुमारे साडेतीनशे मीटर उतरलेलो असतो. मी घड्याळ बघितलं, तास झाला होता. म्हणजे चढायला दोन. मी म्हटलं, ‘‘चल, फिरूया. दुधाची वेळ होईल.’’

ती म्हणाली, ‘‘अजून खाली जाऊ. तीन मैलांपर्यंत.’’

‘‘अगं, तिथून चढायला केवढं...’’

‘‘आई, तुला सगळीकडे दुधाचीच वेळ दिसते.’’

मी गप्प झाले. तिथे उद्यानाची एक स्वयंसेविका उभी होती, माझ्याच वयाची असेल, पांढऱ्या वेणीची. लोकांनी भलतं साहस करू नये म्हणून अशी माणसं वाटेवर उभी असतात. रागावत नाहीत, नुसतं विचारतात. तिने लेकीला विचारलं, कुठवर जायचंय? पाणी किती उरलंय? सकाळी काय खाल्लंत? रात्री झोप कशी लागली?

साधे प्रश्न. लेक पहिल्या दोनांना उत्तरली. तिसऱ्याला थांबली. चौथ्याला तिचा चेहरा असा काही झाला, की ती बाई म्हणाली, आधी सावलीत बसा.

बसलो. लेक म्हणाली, ‘‘आई, मला वर जायचंच नाही.’’

मी हसले हो! चढणीबद्दल बोलतेय असं मला वाटलं. म्हटलं, ‘‘वर तर जायलाच हवं, पाटी वाचली नाहीस?’’ आणि मग तिच्याकडे नीट बघितलं. चार महिने मी तिच्या डोक्याला, पाठीला, पायांना तेल लावत होते. तोंडाकडे बघितलं नव्हतं.

ती बोलली ते सगळं इथे लिहीत नाही. बाळ झोपलं तरी तिला झोप येत नव्हती, जानेवारीपासून. बाळ रडलं की छातीत धडधडायचं आणि उचलावंसं वाटायचं नाही. आपण वाईट आई आहोत याची तिला खात्री झाली होती. ‘‘मी नसले तरी तुमचं सगळं नीट चालेल, असं वाटतं गं. रोज वाटतं.’’ खाली, खूप खाली, ती वाट पट्टीसारखी पठारावर जाताना दिसत होती. तीन मैलांवर थांबायचा तिचा विचार होता की नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. पुढे विचारलं. तिलाही नक्की सांगता आलं नाही.

आणि मला आठवलं. फेब्रुवारीत, बाळाला पाळण्यात घालून पंधरा दिवस झाले असतील, ती मला म्हणाली होती, ‘‘आई, मला हिच्याबद्दल काही वाटतच नाही.’’ मी शेक देत होते. मी काय म्हणाले? ‘‘वेडी का काय! असं बोलू नये. ओल्या बाळंतिणीने रडू नये, डोळे जातात.’’ माझ्या आईचंच वाक्य, मी जसंच्या तसं तिला दिलं. तिने ते ऐकलं आणि मग बोलणंच बंद केलं. त्या पांढऱ्या वेणीच्या बाईने पाच मिनिटांत जे विचारलं, ते मी तिच्या घरात राहून चार महिन्यांत विचारलं नव्हतं.

मग चढलो. घाई केली नाही. बोलता येईल इतक्याच वेगाने चढा, असं तिथे सांगतात. पन्नास पावलं चालायचं, थांबायचं, घोट पाणी, चिमूटभर चिवडा. लेक मध्येच रडायची, मध्येच ‘हे खेचरांचं काय वासाचं आहे’ म्हणून वैतागायची. गुडघे माझे दुखत होते, आणि बरं वाटत होतं ते दुखतायत म्हणून. वर यायला दोन तास वीस मिनिटं लागली. कठड्याशी हे आणि जावई, मध्ये बाबागाडी. बाळ बाटलीतलं दूध पिऊन शांत झोपलेलं. दुधाची वेळ माझ्याशिवाय पार पडली होती.

त्या रात्री लॉजमध्ये तिने नवऱ्याला सांगितलं. मी बाहेर थांबले, बऱ्याच वेळाने तो बाहेर आला आणि माझ्याशेजारी नुसता बसून राहिला. बिचाऱ्याला काहीच कळलं नव्हतं. त्याला दोष देणार नाही, मी बाई असून मला कुठे कळलं होतं? सोमवारी ती दोघं डॉक्टरकडे गेली. तिथे दहा प्रश्नांचा एक कागद असतो, एडिंबरा स्केल म्हणतात, १९८७ पासून वापरात आहे. सहा आठवड्यांच्या तपासणीत तो तिला एकदा दिलाही होता. तिने सगळीकडे ‘छान’वर खूण केली होती. पहिल्या नंबरची सवय हो, परीक्षेत वाईट मार्क कसे घेणार! या वेळी तिने खरं लिहिलं. समुपदेशन, काही महिने गोळ्या. डॉक्टरांनी अंगावरचं दूध पाजताना चालतील अशाच दिल्या. मी मुक्कामाची मुदत वाढवायचा अर्ज केला, हे एकटे परतले आणि तीन महिने स्वतः कुकर लावायला शिकले. तेलमालीश चालूच ठेवलं, पण आता गप्प राहून.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात नुकत्याच बाळंत झालेल्या शंभर बायकांपैकी तेरा जणींना मनाचा आजार होतो, मुख्यतः नैराश्य. आपल्यासारख्या देशांत तर वीसजणींना. म्हणजे तुमच्या सोसायटीत, तुमच्या भिशीत, तुमच्या घरात. आणि आपण काय म्हणतो? ‘बाळाकडे बघ, सगळं विसरशील.’ बाहेरची बाधा म्हणून दृष्ट काढतो. सव्वा महिना तिला घराबाहेर पाठवत नाही, ते बरंच आहे, पण त्या सव्वा महिन्यात बारशाच्या साडीखेरीज तिला काय विचारतो? अमेरिकेत बाळंतपणाची पगारी रजा देशभर सगळ्यांना लागू होईल अशा कायद्याने नाहीच, १९९३ च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी, तीही सगळ्यांना नाही. आपल्याकडे २०१७ पासून सव्वीस आठवडे पगारी. यावर आपण मिरवतो. पण आपल्या कामवालीला, शेतावरच्या मजूर बाईला, फॉल-पिको करणाऱ्या वहिनींना कुठली रजा? त्यांच्या झोपेची चौकशी कुठला डॉक्टर करतो? लसीकरणाला बाळ नेतात तेव्हा बाळाचं वजन होतं, आईला कुणी खुर्चीसुद्धा देत नाही. त्याच वेळी नर्सताईंनी दहाच्या दहा प्रश्न विचारले तर जास्तीत जास्त दहा मिनिटं लागतील. हे व्हायला हवं, आणि यासाठी आरडाओरडा करायला हवा, तो सासवा आणि आयांनी. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६ या नंबरवर मराठीतूनही बोलता येतं. फ्रिजवर लावून ठेवा. गॅसवाल्याच्या नंबरशेजारी.

तर रात्री मैत्रिणीला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘माझी आता सातव्यात आहे. रोज व्हिडिओ कॉल करते, हसतमुख असते गं.’’ म्हटलं, असेलच हसतमुख, पण तिकडे गेल्यावर जेवलीस का हे एकदा कमी विचार आणि झोपलीस का हे एकदा जास्त. आणि काही भलतंसलतं बोलली तर लगेच गप्प करू नकोस.

‘‘आणि कॅन्यन?’’

‘‘जा की. पहाटे निघायचं, घड्याळ बघून फिरायचं, बाळ जावयाकडे ठेवायचं.’’

नात आता चुरूचुरू बोलते. कॅन्यनच्या कठड्यावरचा आपला बाबागाडीतला फोटो तिला फार आवडतो, आपण तिथे होतो आणि आपल्याला काहीच आठवत नाही याचं तिला नवल वाटतं. हा लेख पाठवायच्या आधी लेकीला फोनवर वाचून दाखवला. ती मधे एकदाच बोलली. म्हणाली, ‘‘चिमूटभर चिवडा काय लिहिलंस? अख्खा डबा मी एकटीने संपवला होता. ते दुरुस्त कर.’’